जबडा तारेने बांधला आहे: रुग्ण आणि घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जबडा बांधतात म्हणजे नेमकं काय करतात?

मोडलेला हात प्लास्टरमध्ये ठेवता येतो, जबड्याला प्लास्टर घालता येत नाही. म्हणून वरचा जबडा हाच खालच्या जबड्याचा आधार करतात. वरच्या आणि खालच्या दातांना तारा गुंडाळायच्या, दात पूर्वीसारखे एकमेकांत बसवायचे आणि मग वरखालच्या तारा एकमेकींना बांधून तोंड मिटलेलं ठेवायचं. हाड जुळेपर्यंत ते हलू द्यायचं नाही, एवढाच हेतू.

तारा बहुतेक वेळा हाडाला नाही, दातांना बांधलेल्या असतात. हाडाचे तुकडे बरोबर आले की नाही हे बाहेरून दिसत नाही, पण दात ते अचूक सांगतात. वरच्या-खालच्या दातांची ठेवण, जिला डॉक्टर ‘बाइट’ म्हणतात, ती अपघाताआधीसारखी बसली तर हाडही जागेवर आलं असं धरतात. त्यामुळे ‘पूर्वी तुमचे दात कसे बसायचे?’ हा प्रश्न डॉक्टर विचारतील तेव्हा नीट आठवून सांगा. पुढचे दात एकमेकांना टेकत होते का, खालचा जबडा मुळातच पुढे होता का, एखादी दाढ आधीच पडलेली होती का? जुना हसरा फोटो असेल तर सोबत न्या, त्याचा खरंच उपयोग होतो.

जबड्याला बंध देण्याची कल्पना जुनीच. सुश्रुतसंहितेतल्या भग्नचिकित्सेत, म्हणजे मोडलेल्या हाडांच्या उपचारांत, हनुसंधी (जबड्याचा सांधा) निखळल्यास तो बसवून, शेकून ‘पंचांगी’, म्हणजे पाच टोकांचा, बंध बांधायला सांगितलं आहे. दातांना तार बांधून वरचा-खालचा जबडा एकत्र धरण्याची आजची रीत १८८७ मध्ये अमेरिकेत थॉमस गिल्मर यांनी मांडली. त्यांची साधी पिळाची गाठ अजूनही तातडीच्या वेळी वापरतात.

हे कुणाला करावं लागतं?

सगळ्यात जास्त वेळा दुचाकीवरून पडून किंवा मारामारीत जबडा मोडलेल्यांना. त्यानंतर ब्रेसेस (दात सरळ करायच्या तारा) लावून जबड्याची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांना, म्हणजे ज्यांचा जबडा फार पुढे, फार मागे किंवा एका बाजूला आहे त्यांना. वरचा जबडा किंवा गालाचं हाड मोडलेल्यांनाही काही वेळा बांधून ठेवतात.

हाडावर धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले तरी तोंड बांधावं लागतं का?

शस्त्रक्रिया चालू असताना जवळजवळ नेहमीच बांधतात. आधी दात जुळवून बांधायचे आणि त्या स्थितीत टायटॅनियमची छोटी पट्टी स्क्रूने बसवायची, असा क्रम असतो. पट्टी घट्ट बसली की बऱ्याच रुग्णांचं तोंड टेबलावरच सोडतात आणि नंतर फक्त रबर, म्हणजे इलॅस्टिक, लावतात. त्यामुळे आज बांधण्याचा काळ पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाला आहे.

तरीही काही वेळा बांधणंच योग्य ठरतं. कानापुढच्या सांध्याजवळ साधा मोड (फ्रॅक्चर) आहे, हाड फारसं सरकलेलं नाही, किंवा भूल देणं धोक्याचं आहे, अशा वेळी. शेजारच्या बेडवरच्याला पट्टी बसवली आणि आपल्याला नाही, म्हणून आपला उपचार कमी दर्जाचा, असं समजू नका. मोड कुठे आहे आणि तुकडे किती सरकलेत यावर ते ठरतं.

कोणकोणत्या प्रकारे बांधतात?

आर्च बार: सगळ्यात प्रचलित पद्धत. वाकवता येणारी, हुक असलेली धातूची पट्टी दातांच्या बाहेरच्या बाजूने हिरडीलगत बसवतात, साधारण एका बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दाढेपर्यंत. वरच्या पट्टीचे हुक वर वळलेले, खालच्या पट्टीचे खाली. प्रत्येक दाताभोवती २६ गेजची स्टीलची तार, जाडी अंदाजे ०.४ मिलिमीटर, फिरवून पट्टी दाताला आवळतात. तारेचं एक टोक पट्टीच्या वर, एक खाली, मग दोन्हींना पीळ देऊन टोक कापतात आणि ते दातांच्या फटीत दाबतात. पुढचे पटाशीचे दात बऱ्याचदा सोडून देतात, कारण त्यांचं मूळ एकच आणि निमुळतं असतं आणि सततच्या ताणाने ते बाहेर ओढले जाऊ शकतात. वरखालच्या दोन्ही पट्ट्यांना चाळीस मिनिटं ते एक तास लागतो.

आयलेट: मध्ये छोटा फासा ठेवलेली तार शेजारच्या दोन दातांभोवती बसवतात आणि वरखालचे फासे एकमेकांना जोडतात. दात पूर्ण आणि मजबूत असतील, मोड साधा असेल तर पुरतं. एक तार सैल झाली तरी बाकीच्या टिकतात.

स्क्रू: हिरडीतून थेट हाडात २ मिलिमीटर जाडीचे चार ते आठ स्क्रू बसवतात आणि त्यांच्या डोक्यांना तार किंवा रबर लावतात. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं आणि हिरड्या कमी दुखावतात. पण स्क्रू दाताच्या मुळाला लागण्याचा धोका असतो, आणि जबड्याचे बरेच तुकडे झाले असतील तर ही पद्धत अपुरी पडते. काही दिवसांनी हिरडी स्क्रूच्या डोक्यावर चढते. तसं दिसलं तर दाखवा.

ब्रेसेसचे हुक: ज्यांच्या दातांवर आधीच ब्रेसेस आहेत त्यांना वेगळी पट्टी लागत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारे डॉक्टर, जाड चौकोनी तार घालतात (बहुधा ०.०१९ बाय ०.०२५ इंच) आणि तिच्यावर हुक दाबून बसवतात. रबर त्या हुकांना लावायचं, ब्रॅकेटला (तार धरून ठेवणाऱ्या दातावरच्या छोट्या चौकटीला) नाही. ब्रॅकेट दाताला नुसतं चिकटवलेलं असतं आणि जोरात ओढलं तर निघून येतं. सिरॅमिक ब्रॅकेट तर तुटतंच. शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात एखादं ब्रॅकेट हलत असेल तर लगेच सांगा. टेबलावर ते निघालं तर सगळ्यांचा खोळंबा होतो.

बांधताना दुखतं का? भूल कोणती देतात?

साधा मोड असेल तर हिरड्यांमध्ये इंजेक्शन देऊन, म्हणजे दात काढताना देतात त्याच भुलीत, काम होतं. इंजेक्शन टोचतं आणि तार आवळताना दाब जाणवतो. तीव्र दुखलं तर हात वर करा, आणखी भूल देता येते. पूर्ण भुलीत करायचं असेल तर श्वासाची नळी नाकातून घालतात, कारण तोंड मिटून दात जुळवायचे असतात.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस सगळे दात एकदम ठणकतात आणि हलल्यासारखे वाटतात. तारेच्या ताणामुळे तसं होतं. चौथ्या दिवसानंतर ते कमी व्हायला हवं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. पहिले ४८ तास बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून वीस मिनिटं ठेवायची, वीस मिनिटं काढायची. बर्फ थेट कातडीवर नको.

किती दिवस बांधून ठेवतात?

निरोगी प्रौढांमध्ये खालच्या जबड्याच्या मोडासाठी साधारण चार ते सहा आठवडे. कानापुढच्या सांध्याजवळचा मोड असेल तर दहा ते चौदा दिवसच, कारण तो सांधा जास्त काळ बंद ठेवला तर जखडतो. मुलांमध्ये दोन ते तीन आठवडे आणि सांध्याजवळचा मोड असेल तर त्याहून कमी. वयस्करांमध्ये सहा ते आठ. हाडावर टायटॅनियमची पट्टी बसवलेल्यांना बहुधा काही दिवस ते दोन आठवडे, तेही तारेऐवजी रबराने.

‘आता दुखत नाही, सोडा’ असं तिसऱ्या आठवड्यात अनेकांना वाटतं. त्या वेळी हाड जोडणारा भाग अजून मऊ असतो. तेव्हा तोंड सोडलं तर तो पुन्हा हलतो, आणि हाड वाकडं जुळलं तर ते परत मोडून बसवावं लागतं.

बांधलेल्या तोंडात उलटी झाली तर? जीव गुदमरेल का?

हीच सगळ्यांची मोठी भीती, आणि तिचं उत्तर घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवं. तुम्ही पातळच खात आहात, त्यामुळे उलटीही पातळच असते आणि दातांच्या फटींतून व दाढांच्या मागच्या जागेतून बाहेर येते. धोका असतो तो पाठीवर पडून राहण्याचा.

उलटी येतेय असं वाटलं की लगेच उठून बसा, पुढे वाका, हनुवटी छातीकडे न्या. बोटांनी गाल दातांपासून बाजूला ओढून धरा आणि येऊ द्या. गिळायचा प्रयत्न करू नका. उठता येत नसेल तर एका कुशीवर वळा, तोंड खाली. नंतर मिठाच्या कोमट पाण्याने खळखळून धुवा, कारण पोटातलं आम्ल दातांवर राहिलं तर दात झिजतात. बहुतेक वेळा एवढ्यावर निभावतं आणि तारा कापाव्या लागत नाहीत.

कापायच्या कधी? वाकूनही तोंड मोकळं होत नाही, श्वास अडतोय, ओठ निळे पडतायत, रुग्ण बेशुद्ध होतोय किंवा तोंडातून भरभरून रक्त येतंय तेव्हा. तेव्हा एक क्षणही थांबू नका. नुसती मळमळ, दुखणं किंवा घाबरगुंडी यासाठी मात्र कापू नका.

वायर कटर कसा वापरायचा?

दवाखान्यातून घरी येताना वायर कटर हातात असल्याशिवाय निघू नका. दिला नाही तर मागून घ्या, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातून लहान साइड कटर विकत घ्या आणि तशाच जाडीच्या तारेच्या तुकड्यावर चालवून बघा. तो कपाटात ठेवायचा नाही. दिवसा गळ्यात किंवा खिशात, रात्री उशाशी. रबर लावलेल्यांना बोथट टोकाची कात्री पुरते.

दातांभोवती आडव्या गेलेल्या तारा कापायच्या नाहीत. कापायच्या त्या फक्त वरून खाली जाणाऱ्या उभ्या तारा, ज्या वरचा जबडा खालच्याला जोडतात. त्या बहुधा प्रत्येक बाजूला दोन-तीन असतात. घरी सोडण्याआधी डॉक्टरांकडून त्या आरशात दाखवून घ्या, मोजा, मोबाइलवर फोटो काढा आणि तो घरच्यांनाही पाठवा. कापताना गाल बाजूला ओढायचा, कटरचं तोंड उभ्या तारेच्या मधोमध लावून दाबायचं, एका बाजूच्या सगळ्या तारा संपवून दुसऱ्या बाजूला जायचं. मग तोंड उघडून तारेचे सुटे तुकडे बोटाने काढायचे, नाहीतर ते गिळले जातात. त्यानंतर १०८ ला फोन करून थेट रुग्णालयात. कापलं म्हणून डॉक्टर रागावतील ही भीती मनात आणू नका. तारा पुन्हा बांधता येतात.

प्रवासात गाडी लागत असेल तर बांधलेल्या काळात घाटातला एसटी प्रवास आणि होडी टाळाच. टाळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारून उलटीवरचं औषध तासभर आधी घ्या आणि खिडकीपाशी बसा. दारू पूर्ण बंद. नशेत उलटी झाली तर रुग्णाला उठून बसायचंही भान राहत नाही.

खायचं काय आणि कसं?

अन्न आत जातं ते शेवटच्या दाढेमागच्या पोकळीतून आणि दातांमधल्या फटींतून. गाल आणि दात यांच्यामध्ये घास सोडा, तो आपोआप मागे वळून घशाकडे जातो. तान्ह्या बाळाला पाजायचं बोंडलं इथे उत्तम चालतं. नसेल तर ५० मिलिलिटरची सिरिंज आणि तिला दोन-अडीच इंच मऊ नळी. नळी गालाच्या आत शेवटच्या दाढेपर्यंत न्या, बसून प्या आणि हळू ढकला. एका वेळी दहा मिलिलिटर. टाके असतील तर पहिला आठवडा स्ट्रॉने ओढून पिऊ नका, ओढण्याने टाक्यांवर ताण येतो.

सगळं कोमट असू द्या. खालचा ओठ बधिर असेल तर गरम पेज भाजते आणि कळतही नाही.

पातळ म्हणजे किती पातळ? मिक्सरमध्ये फिरवून चहाच्या गाळणीतून सहज पडेल इतकं. भाताची पेज, मुगाचं कढण, नाचणीची आंबील, वरण, ताक, सोलकढी, गाळलेलं चिकन किंवा पायाचं सूप, पातळ रव्याची खीर, दुधात फिरवलेलं केळं, हे सगळं चालतं. उकडलेलं अंडं गरम वरणात टाकून मिक्सरमध्ये फिरवलं की नळीतून जातं. कच्चं अंडं नको. साबुदाणा टाळा. तो थंड झाला की डिंकासारखा चिकटतो, नळी बंद करतो आणि तारांमध्ये अडकून बसतो. दाण्याचं कूट, तीळ, खसखस आणि टोमॅटोच्या बिया फटींत जाऊन दिवसभर सलतात. उपवास या दिवसांत ठेवूच नका. हाड जुळवायला शरीराला रोजचा पुरवठा लागतो.

खरी अडचण पोट भरण्याची नाही, प्रथिनं आणि उष्मांक भरून काढण्याची आहे. पेज आणि ताकाने पोट तुडुंब होतं, पण त्यात दम नसतो. साठ किलो वजनाच्या माणसाला या काळात रोज ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं हवीत. एक नमुना दिवस असा:

सकाळी ७ ला पाव लिटर दूध आणि त्यात दोन मोठे चमचे (२० ग्रॅम) साय काढलेल्या दुधाची पावडर. साडेनऊला ३० ग्रॅम नाचणीची आंबील, १०० ग्रॅम दही घुसळून. बाराला ५० ग्रॅम मूगडाळीचं कढण, वरून दोन चमचे तूप. अडीचला १५० ग्रॅम दह्याची लस्सी. पाचला पाव लिटर दूध, एक केळं आणि पुन्हा २० ग्रॅम दूध पावडर. साडेसातला २० ग्रॅम डाळ, दोन उकडलेली अंडी आणि चमचाभर तूप एकत्र फिरवून. झोपण्याआधी पाव लिटर दूध आणि एक चमचा पावडर.

यातून सुमारे ८० ग्रॅम प्रथिनं आणि १६०० किलोकॅलरी मिळतात. प्रथिनं पुरली, पण काम करणाऱ्या माणसाला उष्मांक कमी पडतात. ते तूप, लोणी किंवा गुळाने वाढवा. एक चमचा तूप म्हणजे ४५ किलोकॅलरी. अंडं न खाणाऱ्यांनी त्या वेळी डाळ दुप्पट करावी आणि पावडर वाढवावी. दुधाने पोट फुगत असेल तर दह्यावर भर द्या.

एवढं करूनही बहुतेकांचं वजन तीन ते पाच किलो उतरतं. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा. आठवड्यात दोन किलोपेक्षा जास्त घटलं किंवा लघवी गडद पिवळी होऊ लागली तर डॉक्टरांना सांगा.

पोट साफ होत नाही.

पातळ आहारात चोथा नसतो, त्यात वेदनाशामकं. भिजवलेल्या काळ्या मनुका कुस्करून गाळलेलं पाणी, गाळलेला पपईचा रस आणि भरपूर पाणी घ्या. इसबगोल नळीत आणि तारांमध्ये फुगून चिकटतो, म्हणून त्याऐवजी डॉक्टरांकडून पातळ औषध लिहून घ्या.

गोळ्या कशा घ्यायच्या?

जमेल तेवढी औषधं सिरपच्या रूपात मागा. पॅरासिटामॉलचं सिरप घेताना बाटलीवरचं प्रमाण वाचा. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असेल तर ५०० मिलिग्रॅमसाठी १० मिलिलिटर लागतं. लहान मुलांच्या बाटलीत बऱ्याचदा १२० किंवा १२५ मिलिग्रॅमच असतं. साधी गोळी चुरून पाण्यात घेता येते. नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर असं लिहिलेली किंवा आतड्यात विरघळणारं आवरण असलेली गोळी कधीही चुरू नका. दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्या याच प्रकारच्या असतात, म्हणून सगळी जुनी औषधं डॉक्टरांसमोर ठेवा. मधुमेह्यांचा आहार बदलला की साखर खालीवर होते. इन्शुलिनची मात्रा नव्या आहाराप्रमाणे ठरवून घ्या, जुन्याच मात्रेवर राहू नका.

दात कसे घासायचे?

प्रत्येक वेळी काही प्यायल्यावर. गाळून घेतलं तरी दुधाचा आणि डाळीचा थर तारांवर बसतोच. आधी मिठाचं पाणी, एका ग्लासला अर्धा चमचा मीठ, सिरिंजने फटींमध्ये मारून धुवा. मग लहान मुलांचा मऊ ब्रश घेऊन दातांच्या बाहेरच्या बाजू, पट्टीच्या वर आणि खाली, हलक्या हाताने घासा. आतली बाजू ब्रशने पोहोचत नाही. ती जिभेने आणि चुळांनी साफ ठेवायची.

०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिवसातून दोनदा, १० मिलिलिटर, तीस सेकंद. टूथपेस्टनंतर लगेच वापरू नका, अर्धा तास थांबा. पेस्टमधल्या फेसामुळे त्याचा परिणाम जातो. दात थोडे तपकिरी दिसू लागतात आणि चव बदलते. तो डाग नंतर पॉलिशने निघतो. ब्रेसेसवाल्यांनी विशेष काळजी घ्या. गोड दूध आणि ज्यूस दिवसभर घोट-घोट पीत राहिलात तर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग पडतात, आणि ते मात्र पॉलिशने जात नाहीत.

तारेचं टोक गालाला टोचतंय.

टोकाजवळचा भाग कापसाने कोरडा करा, ऑर्थोडॉन्टिक मेणाची मुगाएवढी गोळी बोटांत मऊ करून त्यावर दाबा. जेवताना काढा, नंतर नवी लावा. मेण मेडिकलमध्ये मिळतं. दोन दिवसांत आराम नाही किंवा जखम झाली तर दाखवायला या, टोक आत वळवायला पाच मिनिटं लागतात. स्वतः पकडीने पिळू नका. डॉक्टर पीळ ठरलेल्या दिशेने देतात. उलट फिरवला तर तार सैल होते आणि जास्त फिरवला तर तुटते.

रबर कधी बदलायचं?

रबर ताण गमावतं, म्हणून रोज बदला. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर दिवसातून दोनदा. पाकिटावर आकार आणि ताकद लिहिलेली असते, उदाहरणार्थ ३/१६ इंच आणि ६ औंस. पाकीट संपलं तर त्याच आकड्यांचं घ्या, जवळपासचं घेऊ नका. कोणत्या हुकापासून कोणत्या हुकापर्यंत लावायचं, याची दिशा फार महत्त्वाची आहे. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत लावलेलं रबर खालचा जबडा पुढे ओढतं आणि वरच्या दाढेपासून खालच्या सुळ्यापर्यंत लावलेलं मागे. उलटं लावलं तर पंधरवड्यात बाइट बिघडू शकते. पहिल्या दिवशी आरशासमोर दोनदा स्वतः लावून दाखवा आणि फोटो ठेवा.

बोलता येईल का? कामाला जाता येईल का?

बोलता येतं. प, ब, म हे ओठांचे उच्चार जवळपास स्पष्ट येतात, ‘आ’ मात्र अर्धाच येतो. फोनवर ऐकणाऱ्याला आधी सांगून टाका. बैठं काम दोन आठवड्यांत सुरू करता येतं. ओझं उचलणं, खेळ, पोहणं बंद. दुचाकी चालवू नका. हेल्मेटचा पट्टा हनुवटीवर दाबतो आणि पुन्हा पडलात तर तोच जबडा पुन्हा मोडतो. पहिला आठवडा दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा. वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया किंवा मोड असेल तर दोन आठवडे नाक शिंकरू नका, नुसतं पुसा.

कुणाचं तोंड बांधू नये?

अपस्मार म्हणजे फिट येणारे, गंभीर दमा किंवा फुप्फुसाचा आजार असलेले, दारूचं व्यसन असलेले, वारंवार उलट्या होणारे, गरोदरपणात उलट्या चालू असलेल्या आणि सूचना पाळू न शकणारे मानसिक रुग्ण. यांना हाडावर टायटॅनियमची पट्टी बसवून तोंड मोकळं ठेवणंच सुरक्षित. हे आजार लपवू नका, अगदी फिट दहा वर्षांपूर्वी आली असली तरी सांगा.

तंबाखू, मावा, गुटखा खाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तंबाखूने जखम उशिरा भरते आणि सुपारीने तोंडातली त्वचा आधीच ताठर झालेली असते. असं तोंड चार आठवडे बंद ठेवलं तर नंतर ते उघडायला फार त्रास होतो. तोंड किती उघडतं ते बांधण्याआधी मोजून घ्यायला सांगा.

लहान मुलांचं आणि दात नसलेल्या आजी-आजोबांचं काय?

दुधाच्या दातांना तार धरत नाही, कारण ते बुटके आणि वर निमुळते असतात. म्हणून मुलांसाठी दातांवर बसणारं ॲक्रिलिकचं टोपण करून ते खालच्या जबड्याच्या हाडाभोवती तार फिरवून बांधतात. मुलांचं हाड लवकर जुळतं, पण सांधाही लवकर जखडतो. त्यामुळे ठरलेल्या दिवशी तारा काढायला नेणं अजिबात चुकवू नका. सांधा जखडला तर जबड्याची वाढच खुंटते.

दात नसलेल्यांची जुनी कवळी किंवा कवळीसारखी केलेली फळी हाडाला बांधता येते. आता बहुतेक वेळा हाडावर टायटॅनियमची पट्टीच बसवतात. तुटलेली कवळी फेकू नका, तुकड्यांसह आणा.

वजन कमी करण्यासाठी तोंड बांधून घेता येतं का?

१९७० च्या दशकात परदेशात हे पुष्कळ केलं गेलं. वजन उतरलं, आणि तारा काढल्यावर बहुतेकांचं परत वाढलं. २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी दाढांना चिकटवायच्या चुंबकांचं एक साधन प्रसिद्ध केलं, ज्यात तोंड सुमारे २ मिलिमीटरच उघडतं. त्यावर जगभर टीका झाली. आमचं मत स्पष्ट आहे: मोडलेलं हाड नसताना हा धोका पत्करू नये. उलटीचा धोका तोच, सांधा आखडतो, हिरड्या बिघडतात, आणि गोड पातळ पदार्थ पीत राहिलं तर वजनही उतरत नाही.

डॉक्टरांना लगेच केव्हा कळवायचं?

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, चौथ्या दिवसानंतर सूज वाढू लागली, पू किंवा घाणेरडी चव आली, तार तुटली, खालचा जबडा हलू लागला, किंवा दात काल बसत होते तसे आज बसत नाहीत असं जाणवलं तर. शेवटची तक्रार सगळ्यात महत्त्वाची आहे आणि रुग्णालाच ती सगळ्यात आधी कळते. ‘तपासणीच्या दिवशी सांगू’ म्हणून थांबू नका. पहिल्या आठवड्यात बाइट सुधारायला तारा पुन्हा आवळल्या तरी पुरतं, महिन्यानंतर शस्त्रक्रिया लागते.

खालचा ओठ बधिर आहे, तो तारेमुळे का?

बहुधा नाही. ओठाची आणि हनुवटीची संवेदना देणारी नस खालच्या जबड्याच्या आतून जाते आणि मोडताना किंवा शस्त्रक्रियेत तिला ताण बसतो. मुंग्या येऊ लागल्या तर ते सुधारणेचं लक्षण. पूर्ववत व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात, थोड्या जणांत काही भाग कायम बधिर राहतो. दाढी करताना आणि गरम पिताना जपा.

अपघाताची केस आहे. कागद कोणते जपायचे?

एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय केसची) नोंद, ओपीजी (दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा) एक्स-रे किंवा सीटी स्कॅन, डिस्चार्ज कार्ड. विम्याला आणि न्यायालयाला हेच लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे दाखल होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा; रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

तारा काढताना काय होतं?

आधी फक्त उभ्या तारा कापून तोंड मोकळं करतात आणि डॉक्टर जबडा बोटांनी हलवून बघतात. हाड घट्ट असेल तरी आर्च बार आणखी एक-दोन आठवडे ठेवून रात्री रबर लावायला सांगतात. बाइट सरकली तर परत आणायची सोय म्हणून. नंतर बार काढतात. तारा ओढताना हिरड्यांतून थोडं रक्त येतं, दोन दिवसांत थांबतं. अर्धा तास आधी वेदनाशामक घेतलं तर सोपं जातं.

तोंड उघडतच नाही!

पहिल्या दिवशी जेमतेम एक बोट जातं. हे अपेक्षित आहे. आखडलेले स्नायू आणि सांधा सैल व्हायला वेळ लागतो. तोंड नेहमी तीन बोटं उघडतं, म्हणजे ३५ ते ५० मिलिमीटर. आइस्क्रीमच्या सपाट काड्या घ्या. वरच्या-खालच्या दाढांमध्ये आरामात जातील तितक्या एकावर एक ठेवा, मग मधे एक काडी सरकवा आणि तीस सेकंद धरा. असं पाच वेळा, दिवसातून पाच-सहा सत्रं. आधी कानापुढे दहा मिनिटं ओल्या फडक्याचा शेक द्या. दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढली पाहिजे. ताण बसणं ठीक, सांध्यात कळ मारली तर थांबा. आरशात बघून करा; हनुवटी एका बाजूला झुकत असेल तर बोटाने मध्यावर धरा. चार ते सहा आठवड्यांत तीन बोटं गेली नाहीत तर फिजिओथेरपीसाठी या.

भाकरी कधी खाता येईल?

तारा निघाल्या त्याच दिवशी नाही. पहिला आठवडा मऊ भात-वरण, उपमा, शिरा, दुधात भिजवून कुस्करलेली पोळी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात इडली, उकडलेल्या भाज्या, काटे काढलेला मासा. चौथ्या आठवड्यापासून लहान तुकड्यांनी पोळी आणि ताजी मऊ भाकरी, दोन्ही बाजूंनी चावून. कडक भाकरी, मटणाचे मोठे तुकडे आणि कच्चं गाजर दोन महिन्यांनंतर. ऊस, चिक्की, सुपारी फोडणं आणि हाडं चघळणं तीन महिने बंद, आणि त्याआधी एकदा एक्स-रे दाखवून घ्या.